शाळेच्या प्रयोगशाळेतले नियम कुठून आले?

शाळेच्या प्रयोगशाळेत शिरलं की भिंतीवर एक तक्ता दिसतो. 'चव घेऊ नये. थेट वास घेऊ नये. केस मोकळे सोडू नयेत. डोळ्यांवर चष्मा लावावा. आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावे.' तुम्ही शाळेत असतानाही तो तक्ता तिथे होता आणि आज तुमची मुलगी किंवा मुलगा ज्या प्रयोगशाळेत जातो, तिथेही असेल. तो फारसं कुणी वाचत नाही. वाचला तरी मुलांना वाटतं की मोठ्या माणसांच्या 'हे करू नको, ते करू नको' या यादीतलंच हे एक पान आहे.

डॉक्टर म्हणून मला हा तक्ता वेगळा दिसतो. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाच्या तरी शरीराला झालेल्या इजेतून आली आहे, आणि ती इजा झालेली माणसं अडाणी नव्हती, त्या काळातले उत्तम शास्त्रज्ञ होते. त्यांच्यापैकी काहींनी आपल्याला काय झालं ते लपवलं नाही, लिहून ठेवलं. म्हणून पुढच्यांचे डोळे वाचले. आज त्या माणसांची ओळख करून घेऊ. नियमामागचं कारण कळलं, की तो पाळायला कुणी मागे लागावं लागत नाही.

एक पदार्थ, तीन माणसं आणि काचेचा मुखवटा

सुरुवात डोळ्यांपासून करू, कारण प्रयोगशाळेत सगळ्यात जपायचा अवयव तोच.

१८११ च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर द्युलाँ या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोजन आणि क्लोरिन यांच्यापासून एक तेलकट द्रव तयार केला. आज आपण त्याला नायट्रोजन ट्रायक्लोराइड म्हणतो. हा द्रव जरा धक्का लागला किंवा ऊब मिळाली तरी फुटतो. या शोधापायी द्युलाँ यांनी एक डोळा आणि बोटं गमावली.

ही बातमी १८१२ मध्ये पत्रातून लंडनला हम्फ्री डेव्ही यांच्यापर्यंत पोचली. पत्र लिहिणारे होते आंद्रे अँपिअर, ज्यांच्या नावाने आपण वीजप्रवाह मोजतो. या शोधाची किती किंमत मोजावी लागली, हेही त्यांनी पत्रात कळवलं होतं. डेव्ही तेव्हा इंग्लंडमधले सर्वांत नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. धोका माहीत असूनही त्यांनी तो पदार्थ करून पाहिला. नळी फुटली आणि काचेचा तुकडा त्यांच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला लागला. झालेली दुखापत त्यांनी लपवली नाही. रॉयल सोसायटीला पाठवलेल्या निवेदनात त्यांनी ती नोंदवली आणि इतरांना सावध केलं.

डोळा सुजल्यामुळे डेव्हींना लिहिता येईना. काही दिवस लेखनिक हवा होता. पुस्तकबांधणीचं काम शिकलेला एकवीस वर्षांचा एक गरीब तरुण त्यांच्याकडे आला. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली आणि लगेचच तो डेव्हींबरोबर त्याच स्फोटक पदार्थावर काम करू लागला. या वेळी एक फरक होता. आता दोघेही चेहऱ्यावर काचेचा मुखवटा लावत होते.

९ एप्रिल १८१३ रोजी फॅरेडे यांनी आपल्या मित्राला पत्रातून कळवलं की आत्तापर्यंत आपण चार जोरदार स्फोटांतून वाचलो आहोत. त्यातला सगळ्यात वाईट स्फोट झाला तेव्हा साडेसात ग्रेन, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम द्रव असलेली नळी त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली होती. चेहरा नळीपासून एका फुटाच्या आत होता. बोटाच्या नखाचा भाग उडाला, बोटं दुखावली, मुखवट्याच्या काचेवर मार बसला. डोळ्यांना मात्र काही झालं नाही.

क्षणभर थांबून विचार करा. पदार्थ एकच, स्फोटही तसाच. द्युलाँ यांचा डोळा गेला, डेव्हींचा जखमी झाला, फॅरेडे यांचे दोन्ही शाबूत राहिले. फरक पडला तो एका काचेमुळे. पुढे १८३१ मध्ये याच फॅरेडे यांनी चुंबकापासून वीज निर्माण करण्याचं तत्त्व शोधलं. तुमच्या घरात पंखा फिरतो त्यामागची वीज त्याच तत्त्वावर तयार होते.

आणि हो, एकदा वाचलेला माणूस कायमचा वाचला असं नसतं. १८२३ मध्ये बंद नळीत वायूंचा द्रव करताना नळी फुटून काचेचे कण फॅरेडे यांच्या डोळ्यांत गेले. सुदैवाने दृष्टी टिकली. चष्मा कालचा उपयोगाला येत नाही, आज लावावा लागतो.

डोळ्यात नेमकं काय होतं?

काचेचा तुकडा डोळा चिरतो. रसायनाची तऱ्हा वेगळी असते. आम्ल डोळ्यात गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर घट्ट होतो तशी. हा गोठलेला थर आम्लाला आत शिरायला थोडा अडथळा करतो. अल्कलीचं, म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा चुन्यासारख्या पदार्थाचं तसं नाही. ती पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करते आणि विरघळवत विरघळवत खोल जाते. म्हणून लोक 'अ‍ॅसिड' या शब्दाला घाबरतात, पण डोळ्यासाठी अल्कली अनेकदा जास्त घातक ठरते.

आपल्याकडे याचं घरगुती उदाहरण आहे. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी. लहान मूल ती खेळायला घेतं, दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. नेत्ररोगतज्ज्ञांकडे अशी मुलं येत असतात. ती पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

दोन्ही प्रकारांत उपाय एकच आहे आणि तो पहिल्या मिनिटात करायचा आहे: पाणी. ते कसं वापरायचं ते शेवटी सांगतो.

बन्सन यांचा उजवा डोळा

प्रयोगशाळेतला बर्नर ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते रॉबर्ट बन्सन एका डोळ्याने आंधळे होते, हे किती जणांना माहीत असतं?

हायडेलबर्गला जाण्याआधीची काही वर्षं जर्मन शास्त्रज्ञ बन्सन आर्सेनिक असलेल्या कॅकोडिल संयुगांवर काम करत होते. ही संयुगं विषारी, भयंकर दुर्गंधी असलेली आणि काही तर आपोआप पेट घेणारी. त्यातल्या एकाचा स्फोट झाला आणि बन्सन यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. शिवाय आर्सेनिकची विषबाधा होऊन ते मरता मरता वाचले. योगायोग असा की काही वर्षांपूर्वी, १८३४ मध्ये, त्यांनी एका डॉक्टर सहकाऱ्याबरोबर आर्सेनिकवर लोहाच्या एका संयुगाचा उतारा शोधला होता. तोच त्यांच्या कामी आला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

पुढे १८५५ च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये पीटर डेसागा या यंत्र-कारागिराच्या मदतीने त्यांनी तो प्रसिद्ध बर्नर तयार केला. हवेचं भोक उघडं ठेवलं की निळी, कडक ज्योत. बंद केलं की पिवळी, मंद ज्योत. इथे मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. निळी ज्योत भर उजेडात नीट दिसत नाही. काम चालू नसेल तेव्हा भोक बंद करून ज्योत पिवळी ठेवावी किंवा बर्नर सरळ बंद करावा. दिसत नाही त्या ज्योतीवरूनच हात, बाही आणि वेणी जाते.

इथे आणखी एका माणसाचा उल्लेख करायला हवा. युस्टुस फॉन लीबिग यांनी १८२४ पासून जर्मनीतल्या गीसन इथे विद्यार्थ्यांना एकत्र बसवून स्वतःच्या हाताने प्रयोग करायला शिकवलं. आज शाळा-कॉलेजात जी प्रात्यक्षिकं होतात, त्यांची मुळं तिथे आहेत. पण एकट्या शास्त्रज्ञाच्या खोलीत होणारा धूर आता पूर्ण वर्गाच्या छातीत जाऊ लागला. १८३९ मध्ये तिथे नवी प्रयोगशाळा झाली, तेव्हा वायू बाहेर नेणारी कपाटं बसवली गेली. आजच्या 'फ्यूम हूड'चे ते पूर्वज. तुमच्या मुलांच्या शाळेत फ्यूम हूड नसेल, तर निदान खिडक्या उघड्या आणि पंखा चालू असायला हवा. गंजलेली कडी आणि रंग लावून कायमची चिकटलेली खिडकी म्हणजे खिडकी नव्हे.

नाक आणि जीभ ही उपकरणं नाहीत

अठराव्या शतकात रसायन ओळखायची साधनं फार नव्हती. रंग, वास आणि चव यांवरच बरंच अवलंबून असे. स्वीडनमधले औषधविक्रेते कार्ल शेले हे त्या काळातले विलक्षण हुशार रसायनशास्त्रज्ञ. ऑक्सिजन, क्लोरिन यांवर त्यांनी मूलभूत काम केलं. १७८२ मध्ये त्यांनी हायड्रोजन सायनाइड तयार केलं आणि त्याच्या वासाबरोबर चवीचंही वर्णन लिहून ठेवलं! शेले १७८६ मध्ये अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी वारले. आर्सेनिक, पारा, शिसं यांच्या सहवासात घालवलेल्या वर्षांनी त्यांचं आयुष्य कमी केलं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

'चव घेऊ नये' या ओळीचा उलटा इतिहासही मजेशीर आहे. तीन प्रसिद्ध कृत्रिम गोड पदार्थ नियम मोडल्यामुळे सापडले.

- १८७९ मध्ये कॉन्स्टंटिन फालबर्ग यांनी प्रयोगशाळेतून घरी येऊन हात नीट न धुता जेवायला घेतलं. पाव गोड लागला. त्यातून सॅकरिन सापडलं.
- १९३७ मध्ये मायकेल स्वेडा यांनी प्रयोगाच्या टेबलावर टेकवलेली सिगारेट परत ओठांना लावली. ती गोड लागली. तो सायक्लामेट होता.
- १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलायला बोट जिभेला लावलं. ते गोड लागलं. तो अ‍ॅस्पारटेम होता.

मुलांना या गोष्टी फार आवडतात आणि त्या जरूर सांगा. पण शेवटी एक प्रश्न विचारा: त्या बोटावर साखरेऐवजी शेले यांचं सायनाइड असतं तर? हे तिघे जगले, म्हणून त्यांची गोष्ट मजेची झाली. त्यांच्या गोष्टीतून दिसतं ते एवढंच, की प्रयोगशाळेतलं रसायन हातावरून आणि टेबलावरून तोंडापर्यंत किती सहज पोचतं. म्हणून डबा, पाण्याची बाटली, चिंच-गोळ्या प्रयोगशाळेबाहेर ठेवायच्या आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. पेनाचं टोपण चावायची सवय असेल, तर ते पेन प्रयोगशाळेत नेऊच नये.

वास घ्यायचाच असेल तर परीक्षानळी नाकाखाली धरू नये. ती चेहऱ्यापासून लांब धरून हाताने हलकेच वारा नाकाकडे घ्यावा.

तोंडाने ओढलेला पिपेट

तुमच्यापैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि विज्ञान शाखेत शिकले, त्यांना पिपेट तोंडाने ओढल्याचं आठवत असेल. स्ट्रॉने सरबत ओढावं तसं द्रावण वर ओढायचं आणि चटकन बोटाने भोक बंद करायचं. लक्ष जरा चुकलं की द्रावण तोंडात.

वैद्यकाच्या इतिहासात याची नोंद जुनी आहे. १८९३ मध्ये एका डॉक्टरने पिपेट ओढताना चुकून टायफॉइडच्या जंतूंचं द्रावण तोंडात घेतलं आणि त्याला टायफॉइड झाला. अशा पद्धतीने झालेला, नोंदवला गेलेला हा पहिला संसर्ग मानतात. तरीही ही सवय जगभर पुढची अनेक दशकं टिकली. १९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग इथे डॉक्टर हाइनरिश श्निटगर यांनी दट्ट्याने चालणारा पिपेट तयार केला, आणि त्यानंतर तोंडाची गरज हळूहळू संपली. १८९३ ते १९५७, म्हणजे चौसष्ट वर्षं. धोका कळणं आणि सवय बदलणं यांत माणसं इतका वेळ घालवतात.

शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात आजही कुणी तोंडाने पिपेट ओढत असेल, तर ते थांबवायला हवं. त्यासाठी रबरी फुगा मिळतो आणि तो महाग नसतो.

पारा: आपला आजार जाहीर करणारा शास्त्रज्ञ

थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे चकाकणारे थेंब जमिनीवर पळतात. मुलं ते तळहातावर घेऊन खेळतात. पुष्कळ जणांनी लहानपणी हे केलं असेल.

आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञांची उपकरणं पाऱ्यावर चालत. वीसहून अधिक वर्षं ते बंद खोलीत पाऱ्याजवळ काम करत होते. डोकं दुखायचं, चक्कर यायची, थकवा असायचा, हिरड्यांचा त्रास व्हायचा. सगळ्यात वाईट म्हणजे स्मरणशक्ती कमी होऊ लागली होती. कारण कळत नव्हतं. शेवटी खोलीतल्या हवेतच पाऱ्याची वाफ आहे, हे लक्षात आलं. श्टॉक यांनी मग जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. १९२६ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख प्रसिद्ध केला आणि त्यात स्वतःची लक्षणं मोकळेपणाने मांडली. उरलेल्या आयुष्यातला बराच काळ त्यांनी लोकांना सावध करण्यात घालवला.

इथे एक गैरसमज दूर करतो. काचेच्या थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला गेला, तर आतड्यातून तो फारसा शोषला जात नाही. पण त्याची वाफ श्वासातून आत गेली, तर तिचा साधारण ८० टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात जातो. वाफेला वास नसतो, रंग नसतो. म्हणून फरशीच्या फटीत राहिलेला पारा हा खरा धोका.

थर्मामीटर फुटला तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने थेंब बारीक होऊन पसरतात. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र करा, झाकणाच्या बाटलीत भरा. बेसिनमध्ये ओतू नका. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि २०१८ मध्ये भारतही त्यात सामील झाला. त्यामुळे शाळेने आता स्पिरिटचे किंवा डिजिटल थर्मामीटर घ्यावेत, हे सांगायला तुम्हाला बिचकायचं कारण नाही.

रंगीत ज्योतीचा सुंदर आणि धोकादायक प्रयोग

हा भाग जुना इतिहास नाही, आपल्याच काळातला आहे.

क्षारांमुळे ज्योतीला रंग येतो. सोडियमने पिवळा, तांब्याने हिरवा, स्ट्रॉन्शियमने लाल. अमेरिकेतल्या शाळांमध्ये हे दाखवण्यासाठी वाट्यांमध्ये मिथेनॉल ओतून, त्यात क्षार घालून ते पेटवण्याची पद्धत होती. रंग फिके पडले की शिक्षक मोठ्या बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतत. एखादी ज्योत विझल्यासारखी वाटे, पण विझलेली नसे. वाफ पेटे, आग बाटलीत शिरे आणि पेटलेल्या द्रवाचा झोत समोर बसलेल्या मुलांवर जाई. पहिल्या बाकावरची मुलं होरपळली. असे अपघात पुन्हा पुन्हा झाल्यावर तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१३ मध्ये एका भाजलेल्या विद्यार्थिनीची हकीकत सांगणारी चित्रफीत काढली आणि २०१४ मध्ये शाळांसाठी सूचना प्रसिद्ध केल्या.

आपल्या शाळांमध्ये मिथेनॉलच्या वाट्या नसतील, पण स्पिरिटचा दिवा असतो. नियम तोच. पेटत्या दिव्यात स्पिरिट भरायचं नाही. दिवा टोपणाने विझवायचा, फुंकरीने नाही. तो थंड झाल्यावरच भरायचा, आणि भरण्याआधी आजूबाजूचे दिवेही विझवायचे. स्पिरिटची मोठी बाटली प्रयोगाच्या टेबलावर ठेवायची नाही. ज्योतीचा रंग दाखवायचा असेल, तर क्षाराच्या पाण्यात भिजवलेली लाकडी काडी बर्नरच्या ज्योतीत धरली तरी रंग तितकाच छान दिसतो.

कोट आणि हातमोजे

डॉक्टरांचा पांढरा कोट मुळात प्रयोगशाळेतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरांनी तो शास्त्रज्ञांकडून उचलला. त्याचं प्रयोगशाळेतलं काम साधं आहे: रसायन अंगाऐवजी कोटावर पडावं आणि कोट एका झटक्यात काढता यावा. म्हणून तो सुती असावा. नायलॉन, पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं. ओढणी असेल तर ती कोटाच्या आत किंवा बांधलेली हवी, वेणी अंबाड्यात, आणि पायात बंद बूट.

हातमोज्यांचा प्रवास गमतीचा आहे. अमेरिकेत १८८९-९० च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात निर्जंतुकीकरणाच्या पाऱ्याच्या द्रावणाने सोलून निघत होते. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. पुढे दोघांचं लग्न झालं. म्हणजे ऑपरेशनमधले हातमोजे सुरुवातीला रुग्णाला जंतूंपासून नव्हे, तर परिचारिकेला रसायनापासून वाचवायला आले.

पण हातमोजा म्हणजे चिलखत नव्हे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. ते हातमोज्यातून आत झिरपले. काही महिन्यांनी लक्षणं दिसली आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. तो पदार्थ शाळेत नसतो. तरी बोध घ्यायचा तो हा: हातमोज्यावर काही सांडलं, तर तो लगेच काढून हात धुवायचे.

अपघात झालाच तर

- डोळ्यात रसायन गेलं: त्याच क्षणी नळाखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, किमान १५ ते ३० मिनिटं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा. धुणं अर्धवट सोडून दवाखान्याकडे पळू नका. धुऊन झाल्यावर लगेच नेत्ररोगतज्ज्ञांकडे जा, दुखणं थांबलं असलं तरी. आम्लावर सोडा, सोड्यावर लिंबू असले उपाय डोळ्यात किंवा अंगावर कधीही करू नका.
- अंगावर सांडलं: भिजलेले कपडे आधी काढा, लाजू नका, आणि भरपूर वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटं धुवा. कोरडी पावडर असेल, तर आधी झटकून मग पाणी.
- भाजलं: २० मिनिटं नळाचं साधं पाणी. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नका.
- कपड्यांनी पेट घेतला: पळू नका, जमिनीवर झोपून लोळा. इतरांनी जाड सुती किंवा लोकरीचं पांघरूण टाकावं.
- गिळलं: उलटी करवू नका. जाताना जे दाहक रसायन अन्ननलिका भाजतं, ते परत येतानाही भाजतं. चूळ भरा आणि बाटली किंवा तिचं लेबल घेऊन रुग्णालयात जा.
- काच लागली: स्वच्छ कापडाने दाबून धरा. खोल रुतलेला तुकडा उपसू नका. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- गंभीर प्रसंगी १०८ वर फोन करा.

लपवू नका, सांगा

शाळांमध्ये एक गोष्ट मला सर्वांत जास्त घातक वाटते. ती म्हणजे रागावतील ही भीती. परीक्षानळी फुटली की मूल आधी इकडेतिकडे बघतं. डोळ्यात शिंतोडा गेला तर रुमालाने चोळतं आणि गप्प बसतं. भरपाई भरावी लागेल, सर वर्गाबाहेर काढतील, घरी कळेल. या विचारात पाच मिनिटं जातात आणि अल्कलीला आत शिरायला तेवढी पुरतात.

डेव्ही यांनी आपली दुखापत लिहून कळवली. फॅरेडे यांनी मित्राला पत्र लिहिलं. श्टॉक यांनी आपला आजार जगासमोर मांडला. त्या भाजलेल्या विद्यार्थिनीने कॅमेऱ्यासमोर स्वतःची गोष्ट सांगितली. भिंतीवरचा तक्ता या सांगण्यातूनच तयार झाला.

तेव्हा आज संध्याकाळी मुलांना एवढंच सांगा: "काही फुटलं, सांडलं, लागलं, तर आधी पाणी आणि लगेच मोठ्याने सांगायचं. कुणी रागावणार नाही." आणि पुढच्या पालकसभेत शाळेला चार प्रश्न विचारा. प्रयोगशाळेतल्या नळाला पाणी येतं का? प्रत्येक मुलासाठी संरक्षक चष्मा आहे का? अग्निशामक आणि वाळूची बादली कुठे आहे, आणि ती वापरायला कुणाला येते? प्रात्यक्षिक चालू असताना शिक्षक पूर्ण वेळ खोलीत असतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर बाकीच्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी नळ दुरुस्त करून घ्या.